उठाव चालू आहे

वीस सेकंद. एकविसावा नको.

"सिमेंटाले उठावच नाही यंदा. लग्नं आटोपू द्या, मंग पाहू." मौद्याचा एक दुकानदार, फोनवर, कुणाला तरी.

एक पांढरी टोपी. आतल्या कडेला घामाची पिवळी रेघ.

गिरिधर सर म्हणाले, "उत्थान लिही."

शामलाबाईंच्या घरचा चहा, पहिल्या खेपेला. दुसऱ्या खेपेला पाणीसुद्धा नाही.

एक फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच खोल.

"किलोचा रकाना नाही, मॅडम."

हे सगळं एका वाक्यापायी झालं. वाक्यात शब्द चौदा. लिहिणारी मी. खाली सही माझी, तारीख माझ्या हातची, आणि शिक्का आमच्या संस्थेचा.

वाक्य

"कासवटेकच्या ग्रॅनाइटचा उठाव फार पूर्वीपासून होत आला असून तो आजही संथ गतीने चालू आहे."

पुन्हा वाचा. काय चुकलंय? काहीही नाही. प्रत्येक शब्द खरा आहे आणि त्यासाठी मी पाच महिने डोळे फोडलेत. याच वाक्याच्या जोरावर आता एक कंपनी म्हणते आहे की ती टेकडी म्हणजे जुनी, चालू खाण आहे.

मार्च

माझं नाव उत्तरा. नागपुरात एका संस्थेच्या प्रयोगशाळेत मी डोंगरांची वयं काढते. वयं असं अनेकवचनी म्हणते, कारण ग्रॅनाइटच्या डोंगराला निदान दोन असतात. एक, जमिनीच्या पोटात रस थिजून दगड झाला तेव्हाचं. दुसरं, तो दगड वर येऊ लागला, निवत निवत पृष्ठभागाकडे सरकला तेव्हाचं. दोन्हींच्या मध्ये शंभर-दीडशे कोटी वर्षं सहज जातात. लोक विचारतात, डोंगर किती जुना? मी विचारते, कुठलं वय हवं? लोकांना वाटतं मी भाव खाते.

कासवटेक मला वामनरावांनी दाखवली. वामनराव आमच्या संस्थेची जीप चालवायचे. निवृत्त झाल्यावर आपल्या गावी, कासवटोलीला गेले. रामटेक आणि मौदा यांच्या मध्ये, डांबरी रस्त्यापासून चार किलोमीटर आत. धानाच्या खाचरांमधून, इथे त्यांना बांध्या म्हणतात, एकच अखंड उघडी दगडी पाठ वर आलेली. झाड नाही, झुडूप नाही. पावसाचं सगळं पाणी त्या पाठीवरून घसरून खालच्या बोडीत, गावच्या लहान तळ्यात, जमा होतं, आणि त्या बोडीवर गावातलं निम्मं धान पिकतं. गावाला टेकडीचं कौतुक वगैरे काही नाही. छपराचं असतं तेवढंच.

मला नमुना हवा होता. हवा-पाणी लागून कुजलेला नको, आतला ताजा दगड. पाठीवर कुठेही सुटा तुकडा नव्हता. वामनरावांनी घण घेतला, मी छिन्नी धरली.

"मॅडम, याचं वय काढून का करसान?"

"कळेल."

"कळून?"

"लिहीन."

"हां, मंग ठीक आहे," म्हणाले. "लिहिलेलं राह्यते."

निघताना शामलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहा दिला. आल्याचा, घट्ट, बशीभर साखर घातलेला. मी दोनदा घेतला.

पाच महिने

दगड भरडायचा. चाळायचा. पाण्यात हलकं ते वाहू द्यायचं. चुंबकाला चिकटेल ते काढून टाकायचं. उरलेलं जड द्रवात ओतायचं. बुडेल ते आपलं. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईच्या टोकानं एकेक कण वेचायचा, तांदूळ निवडतात तसा, फक्त तांदूळ केसाएवढा जाड.

झिरकॉन नावाच्या कणात तयार होताना युरेनियम शिरतं, शिसं जवळपास शिरतच नाही. म्हणून आज त्यात जे शिसं सापडतं ते तिथेच, युरेनियम मोडून झालेलं. त्याच्या प्रमाणावरून पहिलं वय निघतं. ते मोजमाप बाहेरच्या प्रयोगशाळेतून करून आलं: एकशे बासष्ट कोटी वर्षं.

दुसरं वय मी स्वतः काढते. ॲपेटाइटच्या कणात युरेनियम फुटताना आत बारीक ओरखडे पडतात. दगड एकशे दहा अंशांहून गरम असेल तर ते बुजून जातात. त्याखाली निवला की राहतात. कण घासून गुळगुळीत करायचा आणि नायट्रिक आम्लात बुडवायचा, म्हणजे ओरखडे रुंद होऊन दिसू लागतात. वीस सेकंद. एक सेकंद जास्त झाला तर कण वाया. आम्ल एकवीस अंशांवर हवं, आणि महिना एप्रिल, आणि गाव नागपूर. बाहेर चव्वेचाळीस. मी पहाटे साडेपाचला जाऊन बसायची, सूर्याच्या आधी.

ओरखडे मोजले. दोन हजार तीनशे सात. उत्तर: चोवीस कोटी वर्षं.

म्हणजे चोवीस कोटी वर्षांपूर्वी हा दगड जमिनीखाली सुमारे साडेतीन किलोमीटरवर होता. तेव्हापासून वर येतो आहे. वरचं झिजतं, ओझं हलकं होतं, खालचं उचललं जातं. लाख वर्षांत सरासरी दीड मीटर. आजही.

हे शास्त्रीय नियतकालिकाला पाठवलं, इंग्रजीत. पण गावानं घण मारला होता, चहा पाजला होता. गावाला त्यांच्या भाषेत एक पान द्यावं असं मला वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं.

आमचे विभागप्रमुख गिरिधर सर. त्यांना मसुदा दाखवला. त्यांनी 'उठाव'वर बोट ठेवलं.

"उत्थान लिही."

"सर, उत्थान महिलांचं होतं. नाहीतर ग्रामीण भागाचं. दगडाचं उत्थान ऐकून गावातले लोक उठून जातील."

"उठाव कशाकशाला म्हणतात ठाऊक आहे का तुला?"

"बंडाला. बंड झालं तर झालं," मी म्हटलं आणि हसले. फार शहाणी होते मी ऑगस्टमध्ये.

पान ग्रामपंचायतीला दिलं. त्यांनी ते फळ्यावर लावलं, आणि एक प्रत दफ्तरात ठेवली.

परिशिष्ट ७

नोव्हेंबर. धान कापणीला आलेलं. वामनरावांचा फोन. नेहमी आधी 'जेवल्या का' विचारतात. या वेळी नाही.

"मॅडम, तुमी असं काहून केलं?"

"काय केलं?"

"तुमीच लिहून देल्लं म्हंतात. उठाव चालू आहे म्हणून."

"चालू आहेच."

मग, "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला.

माझं डोकं तेव्हाही चाललं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कागदाचा फोटो पाठवला, तेव्हा चाललं. एका दगड कंपनीचा अर्ज होता, कासवटेकच्या खाणपट्ट्याच्या नूतनीकरणाचा. नूतनीकरण! जी खाण कधी नव्हती तिचं. नवी खाण म्हटली की अभ्यास आला, गावाची सुनावणी आली, बोडीचं काय ते आलं. जुनी चालू खाण म्हटली की एवढं लागत नाही, असं अर्जदाराचं म्हणणं. आणि जुनी कशावरून?

"सदर ग्रॅनाइटचा उठाव फार पूर्वीपासून व आजतागायत चालू असल्याबाबत भूशास्त्रज्ञांचा दाखला, परिशिष्ट ७."

मालाला उठाव आहे. मालाचा उठाव झाला. माल उचलून नेणे: उठाव. मौद्याच्या बाजारात हा शब्द दिवसातून शंभरदा बोलला जातो आणि त्यात कुणी बंड करत नाही, कुठला डोंगर वर येत नाही. गिरिधर सरांना हे ठाऊक होतं. त्यांच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. माझ्या घरात तीन पिढ्या कारकून आणि मास्तर. आमच्याकडे उठाव फक्त इतिहासाच्या पुस्तकात व्हायचा.

बाकीचं पान त्यांनी वाचलंच नव्हतं का? एकशे बासष्ट कोटी लिहिलं होतं. चोवीस कोटी लिहिलं होतं. साडेतीन किलोमीटर, एकशे दहा अंश, सगळं होतं. त्यांनी एक वाक्य कापून घेतलं, आणि बाकीचं पान माझ्याकडे परत फेकलं.

दुसरी खेप

मी गावी गेले. वामनराव ओसरीवर बसले होते, उठले नाहीत. शामलाबाई आतून बोलल्या, माझ्याकडे न बघता.

"मंग? किती वय निंगालं बाई आमच्या टेकडीचं? भरलं का तिचं?"

"शामलाबाई, मी तसं लिहिलेलं नाही."

"सही कोनाची आहे मंग?"

"माझी."

"झालं त." भांडं आपटलं. "दोन-दोन कप चहा पाजला वं म्या हिले. आल्याचा."

"चूप वं," वामनराव म्हणाले. पण तेही माझ्याकडे बघत नव्हते. टेकडीकडेही नाही. हातातल्या टोपीकडे. "मॅडम, मी गावात सांगितलं होतं, या आपल्या ऑफिसच्या आहेत, येऊ द्या. आता लोक मलेच इचारतात, तुले किती भेटले."

मी सांगितलं. उठाव म्हणजे काय, तो कसा मोजला, सगळं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुमी सांगता थे मले समजते. पण तुमी सांगता थे वेगळं अन् कागद सांगते थे वेगळं. लिहिलेलं राह्यते ना जी?"

रामटेक ते नागपूर, बसमध्ये, पेन्सिलनं

दुरुस्तीपत्र लिहायला घेतलं. असं वाक्य हवं होतं ज्यातून कुणी काही चोरू शकणार नाही.

"कासवटेकचा दगड खालून वर येत आहे." — खालून वर? म्हणजे खोदकाम चालू.

"टेकडी अजून उंचावते आहे." — मग थोडी कमी केली तर काय बिघडलं?

"टेकडी झिजते आहे." — पाहा, आपोआप संपतेच आहे.

"येथे मानवी हस्तक्षेप नाही." — नाही ना? मग कुणाचं नुकसान?

"मी लिहिलं त्याचा अर्थ तो नव्हता." — हे वाक्य आजवर ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला?

कामठीला पेन्सिलीचं टोक मोडलं.

दुरुस्तीपत्र मी शेवटी दिलं. दोन पानी. पोच मिळाली. उत्तर आलं की हरकतींच्या सुनावणीत आपले म्हणणे तीन मिनिटांत मांडावे.

तीन मिनिटं

डिसेंबर. सरकारी सभागृह, वीसेक खुर्च्या, वामनराव आणि गावातले सात-आठ जण मागच्या रांगेत. समोर सुनावणी घेणारे साहेब आणि त्यांचा लिपिक. बाजूला कंपनीचा सल्लागार, रजत नावाचा तरुण. इस्त्रीचा निळा शर्ट. मला बघून उभा राहिला, नमस्कार केला. तो नमस्कार मला अजून खुपतो.

साहेबांनी परिशिष्ट सात उचललं. "सही आपलीच?"

"हो."

"वाक्य आपलंच?"

"हो, पण—"

"मग हरकत नेमकी कुणाच्या वाक्यावर घेताय?"

मी सांगायला लागले. भूशास्त्रात उठाव म्हणजे भूपृष्ठाचं वर येणं. झिरकॉनपाशी पोचले तोवर एक मिनिट गेलं होतं.

रजत नम्रपणे म्हणाला, "सर, मॅडम सीनियर आहेत, मी रिस्पेक्टच करतो. पण मॅडमनी 'डोंगराचा उठाव' लिहिलेलं नाही. 'ग्रॅनाइटचा उठाव' लिहिलंय. डोंगर वर येत असेल, मान्य. ग्रॅनाइट तर माल आहे. मालाचा उठाव हा आमच्या पावतीवर छापलेला शब्द आहे."

आणि खरंच त्यानं पावती काढून दाखवली. दुसऱ्या कुठल्या तरी खाणीची. 'उठाव दिनांक', पुढे टिंबं टिंबं.

साहेबांनी चष्मा वर केला. "बरं, मॅडम. 'फार पूर्वीपासून' लिहिलंय. म्हणजे कधीपासून?"

"चोवीस कोटी वर्षांपासून."

"म्हणजे चोवीस कोटी वर्षं विनापरवाना?"

सभागृह हसलं. रजत हसला. लिपिक तोंडावर हात ठेवून हसला. मागच्या रांगेतून गावातलंही कुणी हसलं, ते मी ऐकलं. ज्या आकड्यासाठी मी उन्हाळाभर पहाटे उठले, तो या खोलीत दोन सेकंदांचा विनोद झाला, आणि साहेब स्वतःवर खूश होऊन पाणी प्यायले. काही बोलले असते तर किंचाळले असते. म्हणून बोलले नाही, आणि तेवढ्यात तीन मिनिटं संपली.

"साहेब, मले बोलाचं आहे."

वामनराव उभे होते.

"आपली लेखी हरकत आहे?"

"लेखीवरूनच त ही सारी बोंब झाली, साहेब. मी तोंडी सांगतो."

"बोला. थोडक्यात."

"मार्च महिन्यात या मॅडमनं माह्याकडून टेकडीवर घण मारून घेतला. एक तुकडा काढायले पाऊण तास. साठी उलटलेला माणूस आहो मी, खांदे गेले माह्ये. आता तुमी सांगा, खाण चालू असती त तिथं फुटलेलं चिप्पर पडून नसतं का? वाकून उचललं असतं अन् गेलो असतो घरी जेवाले. घण काहून मारला असता?"

कुणी हसलं नाही.

"अन् माल उचलला त नेला कुठून? आमच्या रस्त्यानं एक बंडी आली का सामनेवाल्याले बांधीत उतरा लागते. ट्रक का उडत गेले?"

साहेबांनी रजतकडे पाहिलं. रजत पावतीची घडी घालत होता. साहेब लिपिकाला म्हणाले, "यांचं म्हणणं नोंदवा."

लिपिकानं नोंदवलं. पेन चालताना मी स्वतः पाहिलं. पाच महिन्यांत मला जे सांगता आलं नाही ते वामनरावांनी एका घणात सांगितलं होतं. बाहेर टपरीवर आम्ही तर्री पोहे खाल्ले. वामनराव म्हणाले, "चोवीस कोटी वर्साचं बिगर परवान्याचं! मॅडम, तुमाले जमानत भेटणार नाही." मग पहिल्यांदा मीही हसले.

इतिवृत्त

पंधरा दिवसांनी सुनावणीचं इतिवृत्त आलं. सहीसाठी.

"मुद्दा ११. तज्ज्ञांनी सदर उठाव चोवीस कोटी वर्षांपासून चालू असल्याचे पुनश्च स्पष्ट केले.

मुद्दा १२. श्री. वामनराव, रा. कासवटोली, यांनी मार्च महिन्यात सदर टेकडीवर घणाने दगड फोडल्याचे मान्य केले."

मी उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. यातला एकही शब्द खोटा नाही. खोटा असता तर खोटा म्हणता आला असता! मी चोवीस कोटी म्हटलं होतं. त्यांनी घण मारला होता. 'स्पष्ट केले.' 'मान्य केले.' क्रियापदं बदलली आणि आम्ही दोघं आरोपी झालो. ही हुशारी असेल तर तिचा धिक्कार. हा निव्वळ आळस असेल, रिकाम्या डोक्यानं पेन चालवल्याचा, तर त्याचा दुप्पट धिक्कार, कारण हुशारीशी निदान भांडता येतं.

गिरिधर सरांना दाखवलं. 'मी म्हटलं नव्हतं का' असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

वामनरावांना फोनवर वाचून दाखवलं. मग मागून शामलाबाईंचा आवाज, "का झालं जी?" आणि वामनराव त्यांना सांगताना: "मीबी खाणवाला झालो वं."

मग मला म्हणाले, "या मॅडम गावाले. आता आपन दोघं पार्टनर."

इतिवृत्तावर आम्ही सही केली नाही. त्याऐवजी एक अर्ज दिला, गावातल्या एक्केचाळीस सह्यांचा, चार ओळींचा. त्यात उठाव नव्हता, उत्थान नव्हतं, वयही नव्हतं. 'आम्ही बोललेलं आपण लिहिता, त्यापेक्षा येऊन दगड बघावा.' एवढंच. साहेबांनी स्थळपाहणी लावली. त्यांनी ते का केलं, मला माहीत नाही. कदाचित त्यांनाही चिप्पर आठवलं असेल.

सह्या घ्यायला गावी गेले त्या दिवशी शामलाबाईंनी चहा दिला. आलं नव्हतं. पण दिला.

स्थळपंचनामा

जानेवारी. सकाळचं ऊन, पायाखाली गार दगड. वर चढलो: लिपिक, रजत, पंच म्हणून वामनराव आणि गावातले आणखी एक, आणि मी. लांबवर मौद्याच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता.

लिपिकानं छापील फॉर्म काढला. यंत्रसामग्री: नाही. वाहतुकीचा रस्ता: नाही. सुरुंगाची छिद्रं: शोधली, नाही. तो प्रत्येक वेळी 'नाही' लिहीत होता आणि मी मनात मोजत होते.

"और ये?" रजत म्हणाला.

पाठीच्या पूर्वेकडच्या उतारावर, करड्या दगडात, एक ताजी गुलाबी जखम. कडेला माझ्या हातचा रंगाचा आकडा, पावसानं अर्धा पुसलेला. एक. नमुना क्रमांक एक.

लिपिकाचा चेहरा उजळला. सकाळपासून नाही-नाही लिहिणाऱ्या माणसाला काहीतरी सापडलं होतं. त्यानं टेप लावली. एक फूट लांब, आठ इंच रुंद, दोन इंच खोल. 'उत्खननाच्या खुणा' यापुढे त्यानं लिहिलं: आहेत.

अख्ख्या टेकडीवर एकच घाव, आणि तो मी केलेला. चोवीस कोटी वर्षं जिनं कुणाकडून ओरखडा करून घेतला नाही तिच्यावर पुरावा म्हणून आज मीच.

पुढचा रकाना: 'परिमाण (ब्रास)'. लिपिकानं थोडा विचार केला आणि आकडा घातला.

"किती लिहिलं गा?" वामनरावांनी विचारलं.

"अंदाजे दोन."

"दोन ब्रास?"

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दोन ब्रास म्हणजे ट्रक भरून दगड. वामनराव खाली बसले. डोक्यावरची टोपी काढली आणि त्या खड्ड्यात ठेवली. टोपी वर निम्मी उरली.

"माही टोपी मावत नाही यात. ट्रक कुठं घातला तुनं?"

"काका, ब्रासच्या खालचा आकडा फॉर्ममध्ये चालत नाही."

"मंग शून्य लिही."

"खूण आहे लिहिलं, मग परिमाण शून्य कसं? वरून परत येतो कागद."

"किलोत लिहा," मी म्हटलं.

"किलोचा रकाना नाही, मॅडम."

"एक लिहा, दोन लिहा, क्या फरक पडता है," रजत म्हणाला. घड्याळ बघत होता. "खूण आहे, बस."

बरोबर बोलत होता तो. संतापाची गोष्ट हीच. दोन ब्रास एकदा लिहिले गेले की ते राहतील, टेकडीपेक्षा जास्त टिकतील. त्या दोन ब्रासांवर खाण जुनी ठरेल, आणि वर्षभरात या पाठीवरून पाणी नाही, खडी घरंगळेल. मी बोलायला तोंड उघडलं. पण वामनराव आधी बोलले, शांतपणे, टोपी न उचलता.

"मी सही करत नाही."

"काका, पंचाची सही लागते."

"लागते, मालूम आहे. म्हणूनच. आधी थे दोन खोड. खाली शेऱ्याची जागा रिकामी दिसून राह्यली मले. तिथं मॅडम लिहितीन. मले वाचून दाखवतीन. मंग मी करीन."

दुसऱ्या पंचानं, जो सकाळपासून एक शब्द बोलला नव्हता, हाताची घडी घातली. "माहंबी तसंच."

लिपिकानं रजतकडे पाहिलं, उताराकडे पाहिलं, परत चढून यावं लागेल याचा हिशेब केला असावा. 'दोन' खोडलं, बाजूला छोटी सही केली, आणि फॉर्म व पेन माझ्या हातात दिलं.

शेऱ्याची जागा दोन ओळींची. माझ्याकडे दहा महिन्यांची वाक्यं होती, एकाहून एक धारदार. साहेबांच्या विनोदावर एक होतं. इतिवृत्तातल्या क्रियापदांवर एक होतं. मी दगडावर फॉर्म ठेवला आणि सुरुवात केली: "भूशास्त्रीयदृष्ट्या पाहता—"

"मॅडम."

वामनराव माझ्या खांद्यावरून बघत होते.

"काय?"

"साधं बी नका लिहू, अवघड बी नका लिहू. वजन लिहा."

मार्चमध्ये, प्रयोगशाळेच्या काट्यावर, तो दगड आठ किलो चारशे ग्रॅम भरला होता.